ख्रिसमसची तोडलेली झाडं राज्याबाहेर पाठवायची, तर कीडमुक्तीचा कोणता दाखला लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये नवराबायकोने मिळून ख्रिसमसच्या झाडांचं चालू शेत विकत घेतलंय. स्कॉच पाइन आणि फ्रेझर फर जास्त, थोडी ब्लू स्प्रूस. यंदा पहिल्यांदाच केंटकी आणि टेनेसीतल्या व्यापाऱ्यांना ट्रकने माल पाठवायचाय. जुना मालक म्हणतो पाइन शूट बीटलचा दाखला घ्या. शेजारी म्हणतो ते सगळं केव्हाच बंद झालं. ट्रकवाला म्हणतो, मला कुठला तरी कागद हवाच. आणि शेवटी तुमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न, झाडात मॅन्टिसचा (प्रार्थनाकीटकाचा) अंड्यांचा कोष सापडला तर माल अडतो का.

तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. जुना मालक 2020 पर्यंत बरोबर होता, शेजारी त्यानंतर बरोबर आहे, आणि ट्रकवाला कायमच बरोबर आहे, कारण त्याला हवा असलेला कागद वेगळ्याच किडीचा आहे. मी गेली बावीस वर्षं शेतात भिंग घेऊन हीच झाडं तपासते आहे, आधी तपासनीस म्हणून आणि आता उत्पादकांची सल्लागार म्हणून. दर ऑक्टोबरमध्ये हाच गोंधळ कुठल्या ना कुठल्या शेतावर ऐकते.

आधी पाइन शूट बीटलचं सांगून टाकते. हा बारीक, काळपट भुंगेरा युरोप-आशियातला. अमेरिकेत तो 1992 च्या जुलैमध्ये ओहायोत क्लीव्हलंडजवळच्या एका ख्रिसमस-झाडांच्या शेतात पहिल्यांदा ओळखला गेला, आणि शोधमोहीम सुरू झाली तशी मिशिगनसकट आसपासच्या राज्यांतही सापडला. केंद्राने क्वारंटाईन लावलं आणि पाइनचं झाड बाधित काउंटीतून बाहेर काढायचं तर दाखला आला. पण किडा वर्षावर्षाला पुढे सरकतच राहिला. नुकसान मात्र धरलं होतं तेवढं झालं नाही. शेवटी 2020 मध्ये केंद्रीय कृषी खात्याच्या ‘एफिस’ने, म्हणजे प्राणी-वनस्पती आरोग्य बघणाऱ्या विभागाने, हे क्वारंटाईन काढून टाकलं. म्हणजे तुमच्या स्कॉच पाइनसाठी त्या भुंगेऱ्याचा केंद्रीय दाखला आता नाही. मात्र केंद्राने नियम काढला म्हणून माल घेणाऱ्या राज्याने किंवा देशाने स्वतःचा नियम काढलाच असेल असं धरून चालू नका.

दाखला गेला तरी भुंगेरा शेतातच आहे, हे लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तो पाइनच्या कोवळ्या शेंड्यांत शिरून आतून पोखरतो, शेंडा पिवळा-लालसर होऊन लोंबतो, आणि अशा झाडाला गिऱ्हाईक हात लावत नाही. त्याची वीण मात्र तोडलेल्या झाडांच्या बुंध्यांत आणि पडलेल्या ओंडक्यांत होते. त्यामुळे तोडणी जमिनीलगत करा, बुंधे उंच सोडू नका. हिवाळा संपता संपता काही ताजे ओंडके सापळा म्हणून बांधाला ठेवायचे आणि नवी पिढी बाहेर पडायच्या आत, म्हणजे मेच्या सुमारास, जाळून किंवा भुगा करून टाकायचे. क्वारंटाईनच्या काळात हे सक्तीने करावं लागायचं. आता कोणी विचारत नाही, पण चांगले शेतकरी अजून करतात.

आता खरा कागद, स्पंजी मॉथचा. 2022 पर्यंत याला जिप्सी मॉथ म्हणत. जुन्या फॉर्मवर आणि लोकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे, तर दोन वेगळ्या किडी समजू नका. हा पतंग 1860 च्या दशकाच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्डला एका हौशी कीटक-अभ्यासकाच्या हातून निसटला, आणि तेव्हापासून पश्चिमेला आणि दक्षिणेला सरकतो आहे. क्वारंटाईनमध्ये ईशान्येकडची बहुतेक राज्यं पूर्ण आहेत, विस्कॉन्सिन, इंडियाना, ओहायो, व्हर्जिनिया अशा राज्यांचे काही भाग आहेत, आणि मिशिगन अख्खं आहे. केंटकी आणि टेनेसी त्यात नाहीत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांतच आहे. माल क्वारंटाईनमधून क्वारंटाईनबाहेर चाललाय, म्हणून दाखला लागणार. हाच माल न्यूयॉर्कला पाठवला असतात तर या किडीचा केंद्रीय दाखला लागला नसता, कारण दोन्ही बाजू आतच आहेत.

नियमाच्या भाषेत तोडलेलं ख्रिसमसचं झाड म्हणजे ‘मुळं नसलेलं झाड’, मग ते पाइन असो, फर असो की स्प्रूस. अळीला ओक सगळ्यांत आवडतो हे खरं, पण नियम अळीच्या आवडीनिवडीवर चालत नाही. कारण प्रवास अळी करत नाही, अंडी करतात. जुलै-ऑगस्टमध्ये मादी अंडी घालते आणि ती पुढच्या वसंतापर्यंत तशीच राहतात. तोडणीच्या नोव्हेंबरमध्ये झाडावर असेल तर फक्त अंडीपुंज. अमेरिकेत पसरलेल्या या पतंगाची मादी उडत नाही. ती ज्या झाडावर कोषातून बाहेर पडली त्याच्या आसपासच कुठेतरी आडोशाला अंडी घालते.

म्हणून मी कुठल्याही शेतावर गेले की आधी झाडं बघत नाही, बांध बघते. ओकची रांग कुठल्या कडेला आहे? यंदा जूनमध्ये त्या ओकांची पानं कुरतडली गेली होती का? तसं असेल तर त्या कडेच्या पहिल्या चार-पाच ओळी माझ्यासाठी वेगळं शेत. भुकेल्या मोठ्या अळ्या ओक संपला की खाली उतरतात आणि स्प्रूसवरही चढतात.

प्रत्यक्ष तपासणी कशी असते ते सांगते, कारण नव्या माणसाला वाटतं अधिकारी फेरफटका मारून सही करतो. ऑक्टोबरची सकाळ, गवतावर दहिवर, गुडघ्यांना रबराच्या वाट्या बांधलेल्या. झाडाच्या बाहेरच्या हिरव्या अंगावर काही सापडत नाही, ते गिऱ्हाइकाने बघायचं. सर्वांत खालच्या फांद्यांचा घेर हाताने उचलायचा, डोकं आत घालायचं आणि खोडाकडून बाहेर बघायचं. फांदी खोडाला मिळते तो खाचा, फांदीची खालची बाजू, खोडावरची जुनी जखम. अंडीपुंज साधारण दीड इंच लांब, पाऊण इंच रुंद, रंगाने फिकट तपकिरी, आणि हात लावला तर मखमलीसारखा, कारण मादी अंड्यांवर स्वतःच्या अंगाची लव पसरते. एका पुंजात पाचशे ते हजार अंडी. बोटाने दाबल्यावर टणक लागला आणि दाणे जाणवले तर यंदाचा. भुसभुशीत, फिकुटलेला, बारीक भोकं पडलेला असेल तर गेल्या वर्षीचा रिकामा. तोही सापडला तर नोंद करायचीच, कारण त्या झाडावर कधीतरी मादी आली होती.

सापडलेला पुंज नखाने खरवडून खाली पाडू नका. अंडी जमिनीवर पडूनही हिवाळा काढतात. सुरीने किंवा जुन्या कार्डाने खरवडून साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा.

हे सगळं झाड उभं असताना. एकदा ते बेलरमधून जाळीत बांधलं गेलं की तपासणी संपली. बांधलेल्या झाडात मी काय, कोणीच काही बघू शकत नाही. ट्रक भरताना अधिकाऱ्याला बोलावणं म्हणजे वरातीमागून घोडं. हलवणीच्या यंत्राने सुक्या सुया, जुनी घरटी, कोळी पडतात, पण अंडीपुंज खोडाला चिकटलेला असतो, तो हलत नाही. तेव्हा ‘आम्ही झाडं हलवतो’ हे या किडीसाठी उत्तर नाही.

दाखला मिळण्याचे मार्ग ढोबळमानाने तीन. एक, तपासनीस येऊन माल बघतो आणि स्वच्छ असल्याचं लिहून देतो. दोन, मालावर मान्य उपचार होतो. तोडलेल्या झाडांना मिथाइल ब्रोमाइडची धुरी देता येते, पण ताज्या फरला धुरी म्हणजे सुयांशी जुगार. मी कोणाला सुचवत नाही. तीन, कम्प्लायन्स ॲग्रीमेंट. तुमचं प्रमाण बघता तुम्ही तिसराच घ्या. त्यात तुम्ही राज्याच्या कृषी खात्याशी लेखी करार करता, तुमची माणसं कीड ओळखायला शिकतात, तपासणीची वही ठेवता, आणि ठरल्या अटींवर दाखला स्वतः लावता. अधिकारी अधूनमधून येऊन वही आणि झाडं ताडून बघतो. अटी मोडल्या तर करार रद्द होतो, आणि अधिकारी तो जागेवर तोंडीसुद्धा रद्द करू शकतो. एका शेतावर वहीत एकाच दिवशी, एकाच हस्ताक्षरात, एकाच पेनाने तीन आठवड्यांच्या तपासण्या लिहिलेल्या मी पाहिल्या आहेत. मालकाला वाटलं अधिकाऱ्याला कळणार नाही. कागदी घोडे नाचवायचे तर निदान पेन तरी बदलावं!

करारासाठी नोव्हेंबर उजाडायची वाट पाहू नका. मिशिगनच्या कृषी आणि ग्रामविकास खात्याच्या वनस्पती-कीड विभागाला ऑगस्टमध्ये फोन करा. हंगामाच्या तोंडावर सगळे एकदम जागे होतात, आणि तपासनीस तेवढेच असतात.

कागद कुठे असावा यावरून झालेले घोळ तर किती सांगू. नियम सरळ आहे. दाखला प्रवासभर मालासोबत हवा, मालावर किंवा खोक्यावर बाहेरून लावलेला, नाहीतर मालाचं नीट वर्णन असलेल्या वाहतुकीच्या कागदाला जोडलेला, आणि पोचल्यावर वाहतूकदाराने तो माल घेणाऱ्याच्या हातात द्यायचा. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा ट्रक वाटेत बदलला. ट्रेलर दुसऱ्या ओढगाडीला जोडला गेला आणि दाखला पहिल्या ड्रायव्हरच्या केबिनमध्येच राहिला. माल स्वच्छ होता, दाखला खरा होता, पण दोघं दोन वेगळ्या रस्त्यांवर. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबर अखेरच्या सणाच्या, आधीचा बुधवार होता. त्या आठवड्यात अडकलेलं झाड डिसेंबरात सुटलं तरी त्याचा भाव कोण देणार? तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, एक प्रत वाहतुकीच्या कागदाला टाचून, एक ट्रेलरच्या दाराच्या आत प्लास्टिकच्या पाकिटात, आणि एक फोटो खरेदीदाराच्या फोनवर.

झाडाव्यतिरिक्तही बघा. पॅलेट, ट्रेलरच्या तळाच्या फळ्या, बेलरची चौकट, वर्षभर बाहेर पडून असलेल्या लाकडी खुंट्या. मादीला आडोसा हवा असतो, तो झाडाचाच असेल असं नाही. मी पाहिलेल्या एका अडलेल्या ट्रकमध्ये झाडं निर्मळ होती. पुंज सापडला तो पॅलेटच्या खालच्या फळीवर, आणि ती पॅलेट उन्हाळाभर ओकखाली रचून ठेवलेली होती. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसा अख्खा ट्रक परत आला.

आता फ्रेझर फरकडे वळते, कारण तुम्ही लिहिलंय की माल कमी पडला तर नॉर्थ कॅरोलायनातून काही झाडं विकत आणून त्यात मिसळायचा विचार आहे. इथे मला तुम्हाला थांबवायचंय. दक्षिण ॲपलाचियन डोंगररांगेतल्या फ्रेझर फरवर एलाँगेट हेमलॉक स्केल नावाची खवले कीड आहे. मूळची जपानची, न्यूयॉर्कमध्ये 1908 पासून माहीत असलेली. 2018 च्या हंगामात विस्कॉन्सिनच्या कृषी खात्याला नॉर्थ कॅरोलायनाच्या झाडांवर आणि रीथवर (दारावर लावायच्या हिरव्या फांद्यांच्या कड्यांवर) ही कीड सापडली, आणि लोकांना सांगण्यात आलं की सण झाला की झाड अंगणात किंवा कंपोस्टमध्ये टाकू नका, जाळा नाहीतर पिशवीत बांधून कचऱ्यात द्या. उत्तरेकडच्या राज्यांना भीती आहे ती त्यांच्या जंगलातल्या हेमलॉक आणि बाल्सम फर या सूचिपर्णी झाडांची.

ही खवले कीड सापडणं सोपं, निवाडा अवघड. सुईच्या वरच्या बाजूला पिवळसर ठिपके दिसले की सुई उलटायची. खाली तपकिरी, लांबट, जेमतेम दोन मिलिमीटरचे खवले मादीचे, आणि पांढुरके नराचे. दहापट भिंगाखाली टाचणीच्या टोकाने तो खवला उचलायचा. आत पिवळं, रसरशीत अंग किंवा अंडी दिसली तर कीड जिवंत, कोरडा भुगा दिसला तर मेलेली. अडचण अशी की फवारणीने कीड मेली तरी तिचं कवच सुईला चिकटून राहतं, आणि फरची सुई वर्षानुवर्षं झाडावर राहते. म्हणजे शेतकऱ्याने प्रामाणिकपणे औषध मारलं, कीड मेली, तरी मालावर डाग तसाच. माल घेणाऱ्या राज्यातला तपासनीस हजार झाडांपुढे उभा राहून एकेक खवला उचलून बघत बसणार नाही, तो ट्रक बाजूला घेईल. मला ही पद्धत शेतकऱ्यावर अन्यायाची वाटते, पण त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

दुसरा मुद्दा, मिसळ. तुमचा दाखला तुमच्या शेतात तपासलेल्या झाडांपुरता आहे. एकाच ट्रकमध्ये दुसऱ्या राज्याची झाडं घातलीत की त्यांच्या मूळ ठिकाणाचा कागद वेगळा लागतो, आणि तो नसेल तर तुमच्या चांगल्या झाडांवरही शंका येते. आणायचीच असतील तर ती तुमच्या गेटवरच्या किरकोळ विक्रीसाठी ठेवा, जाळीला वेगळ्या रंगाची पट्टी लावा, तुमच्या उभ्या पिकापासून लांब उतरवा, आणि उरलेली जाळा. उरलेली झाडं बांधाला ढीग मारून ठेवायची सवय बऱ्याच शेतांवर आहे, आणि पाहुणी कीड घरची होते ती तिथूनच.

पेनसिल्व्हेनिया-न्यू जर्सीकडचे लोक स्पॉटेड लँटर्नफ्लायबद्दल विचारतात, म्हणून एक ओळ त्यांच्यासाठी. 2014 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत सापडलेल्या या किडीचं केंद्रीय क्वारंटाईन नाही, राज्यांची आहेत. पेनसिल्व्हेनियात क्वारंटाईनमधून माल नेणाऱ्या व्यवसायाला प्रशिक्षण घेऊन परमिट घ्यावं लागतं. तिचे अंडीपुंज वाळलेल्या चिखलाच्या लेपासारखे करडे असतात, एका पुंजात तीस-पन्नास अंडी.

केंटकी-टेनेसीचं स्वतःचं काही वेगळं मागणं आहे का, हे मी सांगण्यापेक्षा तुम्ही थेट त्या राज्यांच्या वनस्पती नियमन कार्यालयाला विचारा आणि उत्तर ई-मेलने मागा. नॅशनल प्लांट बोर्ड या राज्यांच्या वनस्पती नियमन अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर प्रत्येक राज्याच्या नियमांचा गोषवारा असतो, तो आधी वाचा, म्हणजे नेमकं काय विचारायचं ते कळेल. जुन्या मालकाची फाइल बघून ठरवू नका. त्याचं अर्धं शहाणपण 2020 च्या आधीचं आहे.

पुढे कधी मेक्सिकोला माल पाठवायचं मनात आलं तर तो खेळ निराळा. तिथे राज्याचा दाखला चालत नाही, देशाच्या वतीने दिलेला फायटोसॅनिटरी, म्हणजे रोग-कीड नसल्याचा, दाखला लागतो. ‘नोम-013’ हा तिथला नियम खास याच झाडांसाठी आहे, पाइन, फर आणि डग्लस-फर, आणि सीमेवर त्यांचे तपासनीस नमुने काढून बघतात. हवाईला पाठवणाऱ्यांची कथा तर अगदी उलटी. तिथे अंडीपुंजापेक्षा धास्ती हिवाळ्यासाठी फांद्यांत दडून बसलेल्या गांधीलमाशीच्या राण्यांची आणि गोगलगायींची, म्हणून ऑरेगन आणि वॉशिंग्टनहून जाणारी झाडं पाठवण्याआधी हलवून झटकली जातात. तिथे हलवणी हेच उत्तर आहे. एकच झाड, पण कुठून निघालं आणि कुठे चाललं यावर त्याची तपासणी बदलते.

तुमच्या या वर्षाचं बोलायचं तर ओकच्या कडेच्या ओळी आत्ताच रिबिनीने वेगळ्या करा आणि त्यांतली झाडं केंटकीच्या मालात घालू नका, ती गेटवर विका. बाकीची सप्टेंबरपासून आठवड्याला ठरावीक ओळी अशी तपासा आणि वही त्याच दिवशी लिहा. पुढच्या मेमध्ये त्या कडेला कोवळ्या अळ्या दिसल्या तर बीटी हे जिवाणूंपासून बनवलेलं कीटकनाशक फवारा. अळी मोठी झाल्यावर त्याचा उपयोग नाही.

आणि सौभाग्यवतींना सांगा, मॅन्टिसचा कोष म्हणजे वाळलेल्या फेसाचा अक्रोडाएवढा गोळा. तो सापडला म्हणून माल अडत नाही, ती क्वारंटाईनची कीड नव्हे. फक्त तेवढी डहाळी कापून बाहेर कुंपणाच्या झुडपाला बांधून टाकायची, कारण गिऱ्हाइकाच्या उबदार घरात तो फुटला तर पडद्यांवर शंभरेक पिल्लं फिरतात आणि मग फोन तुम्हालाच येतो. मोठा तपकिरी मावाही असाच, लोकांना तो गोचीड वाटतो. त्याला घरात चिरडू नका म्हणावं, डाग पडतो.